काचेआडची कुजबुज

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना आमच्या ऑफिसने मला बोलायला शिकवायचं ठरवलं. दादरच्या एका हॉलमध्ये आम्हा तीस जणांना गोल बसवलं आणि एक सुटाबुटातला, पोरगेलासा ट्रेनर संवादकौशल्य शिकवायला उभा राहिला. त्याचं पहिलंच वाक्य: "समोरचा बोलत असताना नेहमी त्याच्या डोळ्यांत बघायचं."

मी हात वर केला. म्हटलं, "चूक."

"सॉरी?"

"डोळ्यांत बघून काही कळत नाही. ओठांकडे बघायचं. डोळे रिकामटेकडे असतात, हवं ते सोंग आणतात. ओठांना शब्द काढायचा असतो, त्यांना सोंगाला सवड नसते."

तो म्हणाला, "इंटरेस्टिंग, मॅडम. कुठे वाचलंत हे?"

वाचलं नाही रे बाबा, डिलाईल रोडला जन्मले. त्याला तिथे सांगितलं नाही ते इथे सांगते. मला वाढवून सांगायची खोड आहे, ती मी मोडणार नाही. पण सहीची आणि काचेची गोष्ट आहे तशीच आहे. बाकीच्याला मी जामीन नाही.

माझे बाबा गिरणीत साचेवाले होते. साचा म्हणजे कापड विणायचा माग. असे शेकडो साचे एका छपराखाली एकदम चालायचे. आवाज असा, की चुकून आत शिरलेला कावळा बाहेर येताना मुका होऊन यायचा. तिथे ओरडून उपयोग नाही. म्हणून साचेवाले आवाज काढतच नसत. नुसते ओठ हलवत, ठसठशीत, आणि जोडीला हात. चार साचे पलीकडच्या माणसाशी ते सुनेची तक्रार करत, भाव विचारत, मुकादमाला शिव्या घालत, मुकादम मधोमध उभा असताना. हाताच्या खुणा तर पोटभर होत्या. एक मला सगळ्यांत आवडायची. दोन बोटं डोळ्यांखाली टेकवायची, मग पंजा पसरून शेजाऱ्याच्या साच्याकडे न्यायचा. म्हणजे, तू जा, पाणी पिऊन ये, तुझा साचा मी बघतो.

पंचवीस वर्षांत त्या खडखडाटाने बाबांचे कान खाल्ले. घरी ते बोलले की तिसऱ्या मजल्यावरच्या पिंपातलं पाणी थरथरायचं. गुपित म्हणून कानात सांगितलेली गोष्ट काळाचौकीला ऐकू जायची. मात्र मोठ्याने बोलणं ही आमची अर्धीच बाजू. दुसरी अर्धी बिनआवाजाची होती. आमच्या चाळीच्या दोन ओळी समोरासमोर, मध्ये चौक. इकडच्या गॅलरीतला माणूस तिकडच्याशी ओठांनी बोलायचा, आणि ते बोलणं वाचता येणारे दोन्हीकडे पन्नास जण बसलेले असायचे. म्हणून आमच्या बायका काही खासगी बोलायचं तर तोंडावर पदर घेत. बाहेरच्यांना वाटे, काय शालीन बायका. शालीन कसल्या, ते कुलूप होतं. मी सात वर्षांची असताना आईने पहिली शिकवण दिली ती हीच: "तोंडार हात धर गो आधी, समोर सगळे साचेवाले बसलेत."

समोरच्या ओळीत, बरोबर आमच्या दारासमोर, बाबांचा साचाशेजारी राहायचा. साताऱ्याकडचे काका. गिरणीत दोघांचे साचे लागून, चाळीत दोघांची दारं समोर. बाबा त्यांना घाट्या म्हणत, ते बाबांना कोकण्या. दिवसाला शंभर वेळा. ही शिवी नव्हती, हजेरी होती.

मग संप झाला. वर्ष उलटलं तरी संपेना. पुरुष खुणांपुरतेही हात हलवेनात, कारण सांगायचं काय. आणि एक दिवस गिरणीतून पत्रं यायला लागली. एकेकाने येऊन लेबर ऑफिसरला भेटावं. तिथे एका कागदावर सही करायची: आम्हाला भडकवण्यात आलं, आमची चूक झाली, पुन्हा संपात उतरणार नाही. सही करणाऱ्याला साचा परत. न करणाऱ्याचं नाव कायमचं कट.

बाबांनी पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. मी तेव्हा कॉलेजात होते, घरातली एकटी इंग्रजी येणारी. ते म्हणाले, "चूक झाली म्हणान मी लिवून देऊचंय नाय. पण घाट्यान दिल्यान तर?"

खरा प्रश्न हा होता. सगळे उभे राहिले तर उभं राहता येतं. शेजारचा बसला की उभ्या माणसाला आपण वेडे दिसतो.

आणि नेमकी तीच बातमी आली. काकांना आधी बोलावलं होतं, रंगखात्यातल्या आणि गोदामातल्या लोकांबरोबर. त्या लोकांनी येऊन चाळीत सांगितलं, साताऱ्याचा साहेबासमोर बसून चहा प्यायला, बिस्किट खाल्लं, साहेबाने हात मिळवला. काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही, पण आम्ही केबिनच्या काचेतून बघितलं.

बाबांनी बोलणं टाकलं. विचारलं नाही, भांडले नाहीत, नुसतं दार लावून घेतलं. दिवसाउजेडी आमचं दार बंद म्हणजे चाळीत सुतक. दोन दिवसांनी काकांनीही त्यांचं दार लावलं. आईने त्यावर निकाल दिला, "बघा, मनात खाता तेका." मला उशिरा कळलं, समोरच्या घरात त्याच वेळी काकू अगदी हेच म्हणत होत्या. कोकण्याने दार लावलं, म्हणजे त्याने सही केली आणि आता तोंड दाखवत नाही. चौकाच्या दोन बाजूंना दोन बंद दारं, आणि दोन्हीकडे एकच खात्री. ट्रेनरने याला नाव दिलं असतं. आम्ही त्याला अबोला म्हणतो, आणि तो पसरायला तोंड लागत नाही.

बाबांच्या पत्रातला दिवस आला तेव्हा कागद वाचायला मी बरोबर गेले. गिरणीच्या टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरी लागते तिथल्या हॉलमध्ये, बाक मांडलेले, त्यांवर आठ साचेवाले. एका टोकाला आम्ही बसलो. दुसऱ्या टोकाला काका बसलेले. त्यांना दुसऱ्यांदा बोलावलं होतं. आई बरोबर असती तर म्हणाली असती, आता साचा ठरवायला आलाय. बाबा छताच्या पंख्याकडे बघत होते. काका स्वतःच्या चपलेकडे बघत होते. दोन्ही वस्तूंत बघण्यासारखं काही नव्हतं.

समोर ऑफिसरची केबिन. चारी बाजूंनी काच, वरपासून खालपर्यंत. आता त्या माणसाबद्दल सांगते, कारण तो हुशार होता, हे मी नाकारत नाही. गिरगावातलं जुनं घराणं, बोलणं इतकं हळू आणि शुद्ध, की वाटावं शब्द इस्त्रीला देऊन आणलेत. काच त्याने मुद्दाम लावून घेतली होती. आत बसलेल्याला चहा मिळतोय, हात मिळवला जातोय, हे बाहेरच्याला दिसावं, पण काय बोलणं झालं ते ऐकू जाऊ नये. चहा दिसला की त्याची सही झाली, हे प्रत्येकाने आपल्या मनातच ठरवायचं. रंगखात्याच्या आणि गोदामाच्या लोकांवर ही युक्ती सोन्यासारखी चालली होती.

त्याला एकच गोष्ट ठाऊक नव्हती. तो साचेखात्यात कधी घटकाभरही उभा राहिला नव्हता. आणि आज बाकावर साचेवाले होते.

काकांना आत बोलावलं. ते आमच्याकडे पाठ करून बसले, साहेबाचं तोंड आमच्याकडे. चहा आला. साहेब पुढे वाकला आणि कुजबुजायला लागला. बाकावरचे आठही जण कंटाळल्यासारखे काचेकडे बघत होते. कंटाळलेलं कोणी नव्हतं. आम्ही वर्तमानपत्र वाचत होतो.

साहेब म्हणाला, "तुम्ही एकटेच अडून बसलाय." मग म्हणाला, "तुमचे ते समोर राहणारे कोकणी, साचाशेजारी तुमचे. ते कालच सही करून गेले. कुणाला सांगू नका म्हणाले, म्हणून सांगत नव्हतो."

मी बाबांकडे बघितलं. ते बाकावर होते. काल ते घरी होते, माशाच्या वाटणात मीठ कमी म्हणून आईशी भांडत होते. साहेब कामगाराला ओळखायचा ते हजेरीच्या तिकिटावरच्या नंबरने, चेहऱ्याने नाही. ज्याची सही काल झाली म्हणून तो सांगत होता, तो माणूस दहा फुटांवर बसून त्याचे ओठ वाचत होता.

बाबा उठले. मला वाटलं आता काच जाते. त्यांनी फक्त एका बोटाने काचेवर टकटक केली. काका वळले. बाबांनी आवाज न काढता, साचेखात्यातल्यासारखे ओठ ठसठशीत हलवले: "मियां करूक नाय. तू?"

मग त्यांचेही ओठ हलले: "म्या बी न्हाय. तू दार का लावलंस, कोकण्या?"

"तू च्या पिलंस."

"मग काय त्याच्या अंगावर ओतू?"

"पुढच्या टायमाक ओत."

एवढं सगळं बिनआवाजी. साहेब एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होता, दोन मासे भांडताना बघावे तसा. बाकावर मात्र एकेकाच्या खांद्यावरून काहीतरी उतरत चाललं होतं. कारण त्या आठांतल्या प्रत्येकाने मनातल्या मनात शेजारच्यावर सही लादलेली होती.

काकांनी कप खाली ठेवला, अर्धा भरलेला, आणि बाहेर आले. पुढचा नंबर आमचा.

बाबा आत खुर्चीवर बसले आणि बसल्याबसल्या ठार बहिरे झाले. ओठ वाचणारा माणूस, पण साहेबाच्या तोंडाकडे बघतील तर शपथ. माझ्याकडेच तोंड करून म्हणाले, "माका काय्येक ऐकाक येणा नाय. मोठ्यान बोलाक सांग तेंका."

मी अदबीने म्हटलं, "साहेब, वडिलांना ऐकू येत नाही. गिरणीचीच कृपा. जरा मोठ्याने बोलाल?"

साहेबाने थोडा आवाज चढवला. बाबांनी कानाला हात लावला. अजून चढवला. बाबांनी दुसऱ्या कानाला लावला. साहेब म्हणाला, "तूच सांग ना त्यांना."

"सांगितलं असतं, पण कागदोपत्री काम. उद्या म्हणतील पोरीने चुकीचं सांगितलं. तुम्हीच बोला, साहेब, आणि दार उघडं ठेवते, गुदमरतं त्यांना."

मी दार उघडलं. त्या हळू बोलणाऱ्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा पोटातून आवाज काढला असेल. इस्त्रीची घडी पार मोडली. तो ओरडला, "हे मी फक्त तुम्हाला एकट्यालाच सांगतोय, तुमच्या त्या साताऱ्याच्या शेजाऱ्याने आत्ता सही केली."

मग बाकावरून काका म्हणाले, शांतपणे, पण साताऱ्यापर्यंत जाईल असं, "कवा?"

हसू आधी एकाला फुटलं, मग आठांना. मी सांगेन की त्या हसण्याने काचेला तडा गेला, पण वाढवायचं नाही असा शब्द दिलाय, म्हणून सांगत नाही. बाबांनी कागद दोन बोटांनी उचलला, माझ्याकडे दिला. "वाचून दाखव." मी वाचला, दार उघडं ठेवून, शेवटच्या ओळीपर्यंत. मग ते उठले आणि साहेबाला नमस्कार केला. अगदी नीट बघून, त्याच्या ओठांकडे.

त्या दिवशी साचेखात्यातल्या एकानेही सही केली नाही. परत येताना दोघं पुढे, मी मागे. घाट्या, कोकण्या, घाट्या, कोकण्या. चाळीत शिरल्याशिरल्या दोन्ही दारं उघडली.

दुसऱ्या दिवशी केबिनच्या काचेला आतून खाकी कागद लागला.

पुढचं सांगायला मला आवडत नाही, पण सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल हिच्या गोष्टीत सगळे वाघ. सहा महिने गेले. काकांच्या घरात दोन मुलं, एक आजारी आई. एका संध्याकाळी मी आमच्या गॅलरीत बाबांशेजारी उभी होते. काका समोर आले, कठड्याला धरून उभे राहिले. दोन्ही ओळींत माणसं होती, सगळी वाचता येणारी. काकांनी हात तोंडावर नेला नाही, मान खाली घातली नाही. ओठ ठसठशीत हलवले: "उद्या सही करतोय. तुला दुसऱ्याकडून कळू नये."

बाबांनी सही केली नाही, कधीच. आईने पोळी-भाजीचे डबे केले, ते त्यांनी परळभर खांद्यावरून पोचवले, आणि साचा गेला तो गेलाच. त्यांना सही पटणार नव्हती, त्या संध्याकाळीही पटली नाही. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. वाटलं, आता दार लागतं.

त्यांनी दोन बोटं डोळ्यांखाली टेकवली. मग पंजा पसरला आणि चौकावरून, समोरच्या दाराकडे, आत बसलेल्या म्हातारीकडे आणि पोरांकडे नेला.

तू जा. मी बघतो.