मुजुमदार सर आणि त्यांचा खोटा टुरिस्ट

उज्जैनच्या फ्रीगंज भागात जंगल-गाइडचं प्रशिक्षण देणाऱ्या एका संस्थेच्या संचालकाने मुजुमदार सरांना फसवलं. सरळच लिहितो, कारण गावात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे आणि बोलायची वेळ आली की सगळे चहा ढवळत बसतात.

मी देवास गेटजवळ गाड्या भाड्याने देतो. एका मोडक्या जीपवर धंदा उभा केला, कुणाच्या पुढे हात पसरला नाही. सर वनखात्यातून रेंजर म्हणून रिटायर झालेले आणि त्या संस्थेत शिकवायला लागलेले. संस्थेच्या मुलांना जंगलात न्यायला गाडी ठरवायची म्हणून माझ्याकडे आले. मी भाडं सांगितलं, त्यांनी निम्म्यावर आणलं आणि मग आमची अशी जुंपली की समोरचा पोहेवाला झारा हातात घेऊन बघत राहिला. शेवटी सर हसून म्हणाले, "शेठ, गाडी तर पाहिजेच, पण तुम्हीसुद्धा पाहिजेत. इतका खडूस टुरिस्ट मला कुठे मिळणार?"

ते थट्टा करत नव्हते. सरांची शिकवण्याची तऱ्हाच वेगळी होती. देवासच्या पलीकडच्या जंगलात गेलं की मुलांना डोळे मिटून जीपमध्ये बसवायचे. "आधी कान जंगलात जातात, मग डोळे. तोंड गेटवर ठेवून यायचं!" माकड खोकलं की विचारायचे, कुणाला बघून? वाघाच्या पंजाचा ठसा दिसला की पोरं ओरडायची, "सर, शेर!" सर म्हणायचे, "शेर आहे ते मलाही दिसतंय. किधर गया, कब गया, ते सांग. आणि आवाज कमी, तो अजून इथेच असेल."

शेवटची परीक्षा माझी. मी टुरिस्ट व्हायचं आणि गाइडला नियम मोडून गाडी रस्त्याखाली उतरवायला लावायचं. धमकी, गोडीगुलाबी, रडारड, सगळं माफ. भाव करण्यात माझी हयात गेली, त्यामुळे मला ते छानच जमायचं. सविता नावाच्या मुलीवर मी एकदा पुरता अर्धा तास ओरडलो. तिने ड्रायव्हरला शांतपणे गाडी मागे घ्यायला सांगितलं आणि मला म्हणाली, "अंकलजी, बैठ जाओ. ऐसे चिल्लाओगे तो टायगर क्या, हिरन भी नहीं दिखेगा." सर टाळ्या वाजवत म्हणाले, "झाली गाइड! शेठ, आज तुम्ही हरलात."

सरांचं एक वाक्य पोरांना पाठ होतं: "वाघ दिसणं ही वाघाची मर्जी. माणसं परत आणणं ही आपली ड्यूटी."

मग दीपक आला. बोलायला गोड, पक्ष्यांची नावं तोंडपाठ. मी त्याला खोटंच सांगितलं, की आई आजारी आहे, तिला एकदा वाघ दाखवायचाय. पोरगा विरघळला. "बस दो मिनट, सेठजी," म्हणत त्याने जीप नाल्यात उतरवली. सरांनी तिथेच नापास केलं. "मन चांगलं आहे बेटा, पण अभी कच्चा है. पुढच्या बॅचला परत ये."

ते संचालकाला पटलं नाही. फी भरलेली पोरं नापास झाली तर पुढच्या वर्षी येणार कोण? त्याने सरांना न विचारता दीपकला पास केलं, त्याच जंगलात गाइड म्हणून पाठवलं आणि माझी परीक्षाच बंद केली. सर भांडले, संस्था सोडून निघाले. टावर चौकातल्या संस्थेच्या पाटीवर मात्र सरांचं नाव आणि फोटो तसाच राहिला.

त्याच हंगामात एका कुटुंबाच्या हट्टापायी दीपकने पिल्लांवाल्या वाघिणीच्या मागे गाडी उतरवली. जीप उलटली. एका बाईचा हात कायमचा अधू झाला. चौकशीत संचालक म्हणाला, "ट्रेनिंग तो मुजुमदार साहब ने दी थी." झालं! ज्या जंगलात सरांनी उभी नोकरी काढली, त्याच्या गेटवर त्यांना अडवलं. अडवणारी, आता तिथेच ड्यूटीला असलेली सविताच होती. वरून हुकूम होता, ती करणार काय? रडत म्हणाली, "सर, माफ करना." सर म्हणाले, "बरोबर करते आहेस. टुरिस्ट कितीही ओळखीचा असला तरी ऐकायचं नाही."

मी चौकशीत साक्ष द्यायला गेलो. दीपकच्या परीक्षेच्या दिवशी जीपमध्ये मीच होतो, नापास केलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. संचालक सगळ्यांसमोर म्हणाला, "ये तो गाड़ीवाले हैं, इनको ट्रेनिंग का क्या मालूम?" आणि लोक हसले.

सर आता घरी असतात. कुणाला दोष देत नाहीत, आणि मला त्याचाच जास्त संताप येतो. मी जंगलाचा विषय काढला तर म्हणतात, "जाऊ द्या शेठ, झालं ते झालं." मी नाही जाऊ देणार. संचालकसाहेब, तुम्ही त्या गेटवर या. सगळे गाइड उभे असतील, मी माझ्या गाडीतून सरांना घेऊन येईन. सगळ्यांदेखत एवढंच सांगा: सरांनी नापास केलेल्या पोराला पास कुणी केलं? सर अजून आहेत, त्यांचे कान अजून शाबूत आहेत. त्यांना ऐकू येईल असं बोला.