साडूंचा बोर्ड

आमच्या साडूंइतका डोकं खाणारा माणूस लातूरपासून नांदेडपर्यंत दुसरा सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो माझ्या घरी येऊ नये एवढंच देवाजवळ मागणं आहे. लातूरच्या आडतीवर मुनीमकी करणारा हा पन्नाशीतला गृहस्थ मोबाइलवर बघून कोड लिहायला शिकला आणि तेव्हापासून कॉम्प्युटरवर नुसते गोल, त्रिकोण, चौकोन काढत बसलाय. बरं, काढून मोकळं व्हावं की नाही? तर नाही. गोलाच्या एका कडेला रंग गडद, दुसऱ्या कडेला फिका, आणि मधे तो कुठं विरला ते कळता कामा नये, हा हट्ट. माउसनं दोन मिनिटांत होणारं काम हे रंगांचे आकडे टाइप करून दोन दिवस करतात. "अहो, तयार सॉफ्टवेअर मिळतंय की," म्हटलं तर म्हणाले, "पाव्हणं, हॉटेलात जेवून सैपाक येतो का?" जेवायला वाढलं तर भाकरीचा पांढरा रंग कुठून करपट होत गेला ते निरखत बसतात, तोवर वरण गार, आणि आमची ही माझ्यावर गरम.

माझ्या लेकीनं कंधारला दवाखाना काढला, तेव्हा बोर्ड मीच करणार म्हणून हे हटून बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं चित्र कॉम्प्युटरमधून बाहेर पडून चार लोकांसमोर लागणार होतं. लेक म्हणाली, "करू द्या की काकांना, पप्पा." उद्घाटनाच्या सकाळी फ्लेक्सचा बोर्ड लागला आणि मी कपाळावर हात मारला. डावीकडचा गोल निळाशार, लेकीचं नाव जरा फिकं, आणि पुढचा 'दवाखाना' पांढऱ्यावर पांढरा.

"अहो, दवाखाना कुठंय?"

"हाय की. जवळून बघा ना," म्हणाले. मग स्वतःच जवळ गेले आणि त्यांचा चेहरा उतरला. "रंगाचं माप एकेका आकाराचं धरायचं असतंय. मी सगळ्या बोर्डाचं धरलो, म्हणून शेवटाला येईतोवर रंगच विरून गेला. स्क्रीनवर दिसून राहिलं होतं हो."

तेवढ्यात एक म्हातारी बोर्डाखाली थांबली आणि नेमकं त्यांनाच विचारलं, "दादा, इथं नवा दवाखाना निघालाय म्हणं, कुठं हाय?" साडूंनी तिला हाताला धरून आत नेऊन बसवलं. बाहेर येऊन शिडीवर चढले, बोर्ड उतरवला, गुंडाळून काखेत मारला आणि न जेवताच लातूरची एसटी धरली. लेक हाका मारत राहिली.

त्यानंतर ते येतात, चहा पितात, सोयाबीनचा भाव सांगतात, गुडघा दुखतो म्हणतात आणि जातात. कॉम्प्युटर पोराला देऊन टाकला म्हणे. इतका शहाणा साडू मला काही सोसेना. परवा मीच फोन लावला. म्हटलं, "माझ्या कापडाच्या दुकानाचा बोर्ड जुना झालाय. करून द्या."

"पेंटरला सांगा की," ते म्हणाले.

"तो रंग फासून जाईल. मला तुमचाच पायजे."

त्यांनी हळूच विचारलं, "पाव्हणं, तुमच्या दुकानावर ऊन कोणत्या बाजूनं येतंय?"

पंचवीस वर्षं त्या दुकानात बसतोय मी, पण मला सांगता येईना. गिऱ्हाईक तसंच सोडून, फोन कानाला लावून, मी बघायला रस्त्यावर उतरलो.