पद्माक्काला न सापडलेला बग

पद्माक्का गेल्याचं कळलं तेव्हा मी बंगळूरला येलहंक्याच्या भाजीबाजारात हातात मेथीच्या दोन जुड्या घेऊन उभा होतो. तिच्या यजमानांचा, श्रीधरअण्णांचा फोन होता. "विजू, पद्मा गेली रे. पहाटे. झोपेतच." एवढंच बोलले. मी 'येतो' म्हटलं, मेथी पिशवीत नीट घातली आणि मग मनात जे पहिलं आलं ते आज लिहून टाकतो, नाहीतर पुढचं काही लिहिण्यात अर्थ नाही. आधी दुःख नाही आलं. आधी सुटका आली. वाटलं, आता ती मला तो प्रश्न विचारणार नाही. दुःख नंतर, तिच्या घरी बनशंकरीला जाणाऱ्या बसमध्ये आलं, आणि ते अजून उतरलेलं नाही. आज दीड महिना होत आला. रोज चारच्या सुमाराला फोन हातात घेतो, कारण ती त्या वेळेला फोन करायची... आणि ज्या प्रश्नाची मला इतकी भीती होती तोच आता कुणीतरी विचारावा असं वाटतं.

आमची कंपनी रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर बनवते. कुठल्या रुग्णाला कुठलं औषध, किती, केव्हा, याची नोंद ठेवणारं. त्यात चूक, म्हणजे आमच्या भाषेत बग, राहिला तर तो नर्सच्या हातात फुटतो. तो आधी आमच्याकडेच फुटावा म्हणून तपासणारी माणसं असतात. अक्का त्यांच्यातली. मी निपाणीकडचा, नवीन लागलो होतो, कँटीनमध्ये आईशी फोनवर बोलत होतो, तर मागून आवाज आला, "आईला म्हणावं, काळजी नको, इथं मराठी बोलणारी एक म्हातारी आहे." म्हातारी कसली, तेव्हा जेमतेम चाळिशीची असेल. तिच्या घरचे लोक कित्येक पिढ्यांपूर्वी बंगळूरला आलेले. "लढाईला आलो आणि परत जायचं विसरलो बघ आम्ही," असं ती सांगायची. मी 'तुम्ही, तुम्ही' करायला लागलो तर म्हणाली, "अय्यो, ऑफिसात सगळे मॅडम म्हणतातच की. मराठीत तरी तू म्हण." तिची मराठी मी आधी कधी ऐकलेली नव्हती. एखादा शब्द माझ्या आजीच्या तोंडचा, तर पुढचा थेट कन्नड. 'स्वल्प बस की', म्हणजे जरा बस, आणि 'सरी, सरी', म्हणजे बरं, बरं, हे तर मीही बोलायला लागलो, आणि सुट्टीत गावी गेलो की घरचे हसायचे.

काम करताना तिला बघणं ही एक गंमत होती. खुर्चीत सैल बसायची, चष्मा काढून ठेवायची आणि जाहीर करायची, "आता मी दमलेली नर्स आहे. दुसरी पाळी पण माझ्याच गळ्यात पडलीय, मुलाला ताप आहे, आणि हा आठ नंबरचा पेशंट सारखी घंटी वाजवतोय." मग त्या नर्सच्या घाईनं, त्या नर्सच्या वैतागानं भलतीच बटणं दाबत जायची, आणि आम्ही शिकलेल्या लोकांनी महिनाभर बांधलेली गोष्ट दहा मिनिटांत कोसळायची. ती सवय तिच्या अंगातच होती. जयनगरला माझ्या मुलीसाठी दप्तर घ्यायला आली तर त्याची चेन वीस वेळा उघडून मिटून बघितली. दुकानदार हात जोडून म्हणाला, "साकु अम्मा!" म्हणजे पुरे झालं. त्यावर ही त्याला कन्नडमध्ये म्हणाली, "मुलगी रोज चारदा उघडणार. मी तर अजून शुक्रवारपर्यंतच आलेय." ते दप्तर पाच वर्षं टिकलं.

मग आमच्याकडे नवे प्रमुख आले. माणूस वाईट होता असं मी म्हणणार नाही, पण त्यांना वाईट बातमी चालत नसे. दर बुधवारी सगळ्यांची सभा. 'आपण एक कुटुंब आहोत' यानं सुरुवात. शेवटी 'कुणाला काही विचारायचंय?' आणि विचारायचं कुणी, काय, ते मंगळवारीच मेलवर ठरलेलं. मोठ्या पडद्यावर प्रत्येक गटाच्या कामाचे ठिपके असायचे, ठीक असेल तर हिरवा, अडलेलं असेल तर लाल. हळूहळू लोक बुधवारच्या सकाळी लाल ठिपके हिरवे करून ठेवायला लागले आणि गुरुवारी परत लाल. खाली चहाच्या टपरीवर सगळे मनसोक्त शिव्या द्यायचे आणि लिफ्टमध्ये शिरलं की गप्प. चांगली चांगली पोरं सोडून गेली. अक्काचा एक ठिपका मात्र लालच राहिला. एकाच नावाचे दोन रुग्ण एकाच वॉर्डात असले की एकाचं औषध दुसऱ्याच्या पानावर दिसू शकतं, हे तिला सापडलं होतं. प्रमुख म्हणाले, क्वचित घडणारी गोष्ट आहे, पुढच्या वर्षी बघू. ती म्हणाली, "आमच्या गल्लीत तीन मंजुळा आहेत, सर." सगळे हसले, तेही हसले, पण तो ठिपका त्यांना खुपत राहिला. एव्हाना मी तिचा व्यवस्थापक झालो होतो. मी तिच्याकडे बघून मान हलवायचो आणि त्यांच्याकडे बघूनही मान हलवायचो. कमी बोलणारा माणूस म्हणून माझं नाव चांगलं होतं.

त्या वर्षी कंपनीनं कर्मचाऱ्यांचं मत मागवलं. निनावी पत्रक. संगणकावर भरायचं, नाव नाही, काही नाही. अक्का माझ्या टेबलाशी आली. "विजू, खरं लिहायचं काय रे?" मी म्हणालो, "लिही की अक्का. निनावी तर आहे." तिनं लिहिलं. इंग्रजीत होतं, पण वाचताना मला मराठीतच ऐकू येत होतं. "सभेपुरते आम्ही लाल ठिपके हिरवे करतो. मीही दोनदा केले, आणि दोन्ही दिवस मला जेवण गेलं नाही. चूक सापडली असं कुणी सांगितलं, तर त्याचा दृष्टिकोन नकारात्मक आहे असं त्याला कळवण्यात येतं. प्रमुख आमच्याशी बोलतात, आमचं ऐकत नाहीत. इथली माणसं वाईट नाहीत. घाबरलेली आहेत. एखादी दमलेली नर्स आमच्यावर विश्वास ठेवून बटण दाबते, तिचं कुणाला काही वाटतं का?"

पंधरा दिवसांनी एचआरच्या बाईंनी मला बोलावलं. काचेची खोली, बाहेरून सगळं दिसणारी. प्रमुखही बसलेले. अक्काची जागा तिथून समोरच, काचेपासून पाच पावलांवर. बाईंनी तो मजकूर मला वाचायला दिला आणि म्हणाल्या, "आम्हाला नाव नकोय. नाव विचारणं नियमात बसत नाही. फक्त तुमच्या गटात सगळे समाधानी आहेत ना, तेवढं समजून घ्यायचंय." मग माझ्या गटातली सात नावं त्या एकेक करून घेत गेल्या. हा खूश आहे? मी म्हणालो, हो. ही? हो, हो, खूश आहे. अशी सहा नावं झाली. सहाही वेळा मी लगेच बोललो. सातवं नाव त्यांनी घेतलं, "आणि पद्मा?" ...मी टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे बघत बसलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. काचेपलीकडे अक्का चष्मा पुसत होती. बाईंनी हळूच लॅपटॉप मिटला आणि माझे आभार मानले.

मी नाव घेतलं नाही, असं मी स्वतःला कित्येक महिने सांगत होतो. खोटं नव्हतं ते. 'ती खूश आहे' एवढे तीन शब्द मात्र मला म्हणता आले असते. सहा जणांसाठी म्हटलेच होते. तिच्याबद्दल खोटं बोलवेना, असं उदात्त कारणही मी काही दिवस वापरून बघितलं. खरं कारण एवढंच, की प्रमुख माझ्याकडे बघत होते आणि त्यांना काय हवंय ते मला कळलं होतं.

महिन्याभरात अक्काच्या कामात सुधारणेची गरज आहे असं ठरलं. त्यासाठी योजना आली, आणि तिच्याबरोबर दर सोमवारी बसून तिला गुण देण्याचं काम माझ्याकडे. मी कागद वाचायचो, ती ऐकायची. एकदा म्हणाली, "हे वाचताना तुझा आवाज कसा कोरडा पडतो बघ. पाणी पी आधी." त्याच दिवसांत मला बढती मिळाली, आणि ती घरून चिरोटे करून घेऊन आली, डबाभर. "एकटा खाऊ नकोस, घरी ने." मी नेले. बायको म्हणाली, अक्कासारखे चिरोटे कुणाला जमत नाहीत. मी पोट बिघडल्याचं सांगितलं आणि एकही खाल्ला नाही.

तिसऱ्या महिन्यात तिनं राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी टेबल आवरताना तिनं सहज विचारलं, राग नाही, काही नाही, "विजू, त्यांना कळलं कसं रे? निनावी होतं ना ते?" तेव्हा सांगता आलं असतं. आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "सिस्टममधून कळत असणार अक्का. काहीतरी गळत असेल." तिचा चेहराच बदलला. हातातलं खोकं तिनं खाली ठेवलं. "अय्यो, मग हा केवढा मोठा बग आहे रे! हा कुणीतरी शोधला पाहिजे."

आणि ती शोधत राहिली. घरी बसून, दोन वर्षं. पत्रक बनवणाऱ्या कंपनीला तिनं लांबच लांब पत्रं लिहिली. त्यांनी उत्तर दिलं की असं होणं शक्य नाही. तिनं आणखी विचारलं. ओळखीच्या पोरांकडून पत्रकं कशी उघडतात, कुठे साठतात, सगळं समजून घेतलं. चार वाजता फोन यायचा, "विजू, तुझ्या कानावर काही आलं काय रे? कसं करतात ते? मी सगळीकडून बघितलं. मला सापडत नाही." इतक्या वर्षांत तिला न सापडलेला बग मी बघितला नव्हता. प्रत्येक वेळी मी म्हणायचो, "विचारतो अक्का." मधल्या काळात एकाच नावाच्या दोन रुग्णांच्या औषधांची अदलाबदल होण्याचा तो प्रकार एका रुग्णालयात खरोखर घडला. तिथल्या नर्सच्या वेळीच लक्षात आलं म्हणून निभावलं, आणि आमच्याकडे आठवड्यात ते दुरुस्त झालं. अक्काचं नाव कुणी काढलं नाही. मीही नाही. तिला फक्त फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "त्या नर्सला कुणी थँक्यू म्हणालं काय?"

शेवटची भेट तिच्या घरी झाली. हृदयाचा त्रास तिला जुनाच होता. नोकरी गेल्यामुळे वाढला असं डॉक्टर म्हणाले नाहीत, आणि मीही ते म्हणणार नाही. अपराध आहे तेवढाच पुरे आहे, तो फुगवून मोठं होण्यातही एक लबाडी असते. उशीला टेकून बसली होती. निघताना हसून म्हणाली, "ते एक राहिलं रे शोधायचं." मी चप्पल घालत होतो. वाकलेलो असल्यामुळे तिला माझं तोंड दिसलं नाही.

इथपर्यंत लिहिलं, आणि हे अण्णांना न दाखवता छापायला द्यायचं धैर्य झालं नाही. गेल्या रविवारी बनशंकरीला गेलो. अण्णा स्वयंपाकघरात तोंडली चिरायला बसले होते. तेराव्याला याच माणसानं माझी चार लोकांत ओळख करून दिली होती, 'ऑफिसात पद्माच्या बाजूनं हा एकटा उभा होता' म्हणून, आणि मी ती ऐकून घेतली होती. समोर बसून मी सगळं वाचलं. काचेच्या खोलीपाशी त्यांचा चाकू थांबला, तो पुन्हा चालला नाही. वाचून झाल्यावर त्यांनी चाकू खाली ठेवला. मग म्हणाले, "पाच पावलांवर बसत होती ना?"

"हो."

"मग उठून तिलाच विचारायचं की रे. अक्का, हे तू लिहिलंस काय? हो म्हणाली असती. तिथंच, त्या दोघांच्या तोंडावर. त्या पत्रकात नावाला जागाच नव्हती, म्हणून नाव राहिलं. लपवायचं म्हणून नव्हे." चिरलेली तोंडली एका बाजूला सारत म्हणाले, "दोन वर्षं शोधत होती... मी तिला म्हणायचो, सोड आता."

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. उठले आणि फडताळातून एक वही काढून आणली. नोकरी सुटल्यावर अक्का घरातले बग लिहून ठेवायची म्हणे. काय बिघडलं, कुणाला दिसलं, कारण काय, बंद कुणी केलं, असे चार रकाने. कुकरची शिट्टी, गेटची कडी, गिझरचं बटण. प्रत्येक ओळीत तिचं नाव, दुरुस्त करणाऱ्याला काही विचारायचं तर कुणाला विचारावं ते कळायला. शेवटची ओळ इंग्रजीत होती. निनावी पत्रकातून नाव कळतं. दिसलं पद्माला. पुढचे दोन रकाने रिकामे. अण्णांनी पेन दिलं. "लिही. तिला कारण कळल्याशिवाय चैन पडायचं नाही."

मी लिहिलं, 'पत्रक ठीक आहे. व्यवस्थापकानं सांगितलं, गप्प बसून.' खाली माझं पूर्ण नाव घातलं. हात आपोआप चौथ्या रकान्याकडे गेला तर अण्णा म्हणाले, "तिथं नको. ज्यानं नोंदवलं त्यानंच बंद करायचं, असं म्हणायची ती." मी पेन ठेवलं.

"छाप हे," ते म्हणाले, "फक्त तिला कुठं बिचारी म्हणू नकोस." मग चाकू आणि उरलेली तोंडली त्यांनी माझ्याकडे सरकवली. "माझा हात दुखतोय. स्वल्प चिरून दे की." मी एक तोंडलं घेतलं आणि उभं चिरलं.

"गोल," अण्णा म्हणाले. "पद्मा गोल चिरायची."

मग मी उरलेली सगळी गोल चिरली.