इर्मा हिएतालाची बोलकी डबी

हॅनकॉकच्या शाळेच्या स्वयंपाकघरात इर्मा हिएताला आणि मी एकाच हिवाळ्यात लागलो आणि एकाच उन्हाळ्यात निवृत्त झालो. मधली सगळी वर्षं मी सूप ढवळलं आणि तिने यंत्रं सांभाळली. बटाटे सोलायचं, भांडी धुवायचं, बर्फ पाडायचं, कुठलंही यंत्र असो, जे बटण कशाचं आहे हे कुणालाच ठाऊक नसे ते इर्मा दाबून बघे. एकदा तिने भट्टीची दोन बटणं एकदम दाबली आणि भट्टीच्या पाटीवर फ्रेंच अक्षरं उमटली. ती परत इंग्रजीत कशी आणायची ते सापडेपर्यंत आम्ही फ्रेंच भट्टीतच पाव भाजले. मुख्याध्यापक चौकशीला आले तेव्हा इर्माने शांतपणे सांगितलं की पाव आपल्याच भाषेत फुगतोय, काळजी नसावी.

लग्न तिने केलं नाही. एकाने विचारलं होतं. माणूस भला होता, पण त्याच्या घड्याळाला कुणी हात लावलेला त्याला खपत नसे, आणि इर्माने पहिल्याच भेटीत ते उघडून पाहिलं होतं. त्याचं तिला कधी वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही. कालव्याच्या चढावर तिचं छोटं घर, मागे वाफेच्या अंघोळीची लाकडी खोली, म्हणजे सौना, शनिवारी सौना तापवायचा, मग कॉफी आणि वेलचीचा गोड पाव. आमच्या गावी, अमेरिकेत येऊन वसलेल्या फिनिश लोकांत, त्या पावाला निसू म्हणतात. तिचा निसू जरा कोरडा होतो. मी तिला तसं कधी सांगितलं नाही.

निवृत्तीनंतर हिवाळा फार लांबतो. अशाच एका हिवाळ्यात तिने चर्चच्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून गाणी ऐकायची एक डबी आणली. आगपेटीएवढी, कपड्याला चिमट्याने अडकवायची, मधोमध एक बटण आणि भोवती चार. फोनमध्ये गाणी शिरल्यावर लोकांनी असल्या डब्या टाकून दिल्या होत्या. इर्माच्या डबीत रेडिओ असायला हवा होता, तो नव्हता. तिने सेटिंग चाळली तेव्हा कळलं की आधीच्या मालकाने प्रदेश म्हणून युरोप निवडलेलं आहे आणि तसं निवडलं की ही डबी रेडिओ लपवते. तिने उत्तर अमेरिका निवडलं. यादीत रेडिओ आला आणि आमच्या गावचं हवामान खरखरत ऐकू येऊ लागलं. ती मला म्हणाली, "जॉइस, इतके दिवस तो आतच होता बघ." त्या दिवशी तिला सौनात जातानाही ती डबी काढून ठेववेना.

मग तिला छंदच लागला. जगभरच्या हौशी लोकांनी अशा जुन्या डब्यांसाठी फुकट सॉफ्टवेअर लिहून ठेवलंय हे तिने शोधून काढलं. ते घातलं की कंपनीने न दिलेली कामंही डबी करू लागते. आवाज टिपते, बुद्धिबळ खेळते, यादीतलं एकेक नाव मोठ्याने वाचून दाखवते. गावातले लोक आपापल्या खणांतून जुन्या डब्या काढून तिच्याकडे आणू लागले. तिच्या स्वयंपाकघराच्या टेबलावर पिठाच्या डब्याशेजारी वायरींचा गुंता कायमचा वस्तीला आला. कुणी काही देऊ केलं की ती म्हणे, कॉफी प्यायला थांब, तेवढं पुरे.

तिचा थोरला भाऊ आर्वो आयुष्यभर रस्त्यावरचा बर्फ काढायची गाडी चालवत होता आणि शनिवारी कोऑपरेटिव्हच्या हॉलमध्ये अकॉर्डियन वाजवत होता. अकॉर्डियन त्यांच्या बाबांकडून आलेलं. बाबा खाणीतून घरी येऊन, बूट न काढता, जेवणाआधी एक तरी चाल वाजवत. त्या सगळ्या चाली आर्वोने कानाने उचलल्या. सत्तरी ओलांडल्यावर त्याच्या नजरेच्या मधोमध धुकं धरलं. कडेचं दिसे, समोरचं दिसेना. बोटांना अकॉर्डियन पाठ होतं, त्यामुळे वाजवणं थांबलं नाही. पण मुलीने घेऊन दिलेला फोन गुळगुळीत काचेचा, बोट कुठे टेकवायचं कळेना. एके सकाळी तो फोन त्याने दारातून बर्फाच्या ढिगात भिरकावला. तो वसंतात सापडला आणि कुणी चार्ज करायच्याही भानगडीत पडलं नाही.

आर्वोकडे मात्र एक जुनी डबी होती, इर्माच्या डबीचीच बहीण. बाबांच्या वाजवण्याची एकच टेप घरात होती. ती मुलीने डेट्रॉइटला जाण्यापूर्वी डबीत उतरवून दिली होती. टेप पुढे तळघरात पाणी शिरलं तेव्हा गेली. म्हणजे बाबा आता त्या डबीत होते, आणि आर्वोला पडदा दिसत नसल्यामुळे ते नेमके कुठे आहेत हे शोधायला रोज अर्धी सकाळ जात होती.

इर्मा म्हणाली, मी ती बोलकी करून देते. तो म्हणाला, हात लावू नकोस, तू भट्टीचं काय केलंस ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. असं त्यांचं महिनाभर चाललं. शेवटी एका रविवारी त्याने डबी टेबलावर ठेवली आणि काही न बोलता तिच्याकडे सरकवली. आमच्याकडे याला होकार म्हणतात.

मी तिथेच बसले होते. तिने डबीतली गाणी आधी संगणकावर उतरवून घ्यायला हवी होती, हे तिलाही ठाऊक होतं. पण इतक्या डब्यांना काही झालं नव्हतं, मग हिला काय होणार, असं तिला वाटलं. काम अर्ध्यावर असताना वायर सैल झाली. पडदा एकदा लुकलुकला आणि काळा पडला. मग तिने कुठलंही बटण दाबलं तरी ती डबी म्हणजे नुसता गोटा.

इर्माचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. मी म्हटलं, आधी प्रयत्न तरी करून बघ, त्याला आत्ताच कशाला सांगतेस. तिने कोट चढवला. "तो वाट बघत बसलाय," ती म्हणाली, "त्याला खोट्या आशेवर कशाला बसवू." आणि पूल ओलांडून, वाऱ्यात, चालत त्याच्याकडे गेली. मीही मागोमाग गेले.

आर्वोने सगळं ऐकून घेतलं. मग उठला, चाचपडत कॉफीचं भांडं शेगडीवर ठेवलं आणि म्हणाला, "बाबांना तसंही टेप केलेलं आवडत नव्हतं." एवढंच. इर्मा रडली. त्याने कॉफी ओतली, थोडी कपाबाहेर, आणि तिच्यापुढे सरकवली.

घरी आल्यावर तिने त्या हौशी लोकांना विचारलं. सास्काचेवान प्रांतातल्या एका बाईचं उत्तर आलं. ती दूरच्या शेतावर राहायची आणि तिने अशा कितीतरी डब्या वाचवल्या होत्या. तिने लिहिलं की डबी मेलेली नाही, झोपलीय. मधलं बटण दाबून धर, धरूनच ठेव, आणि तसंच वायर लाव. ही गोष्ट कंपनीच्या पुस्तकात नव्हती. इर्माने तसं केलं. पडदा काळाच राहिला, पण संगणकावर एक बारीकशी चौकट उघडली. बिघडलेलं सॉफ्टवेअर परत भरायला कारागिरांनी ठेवलेलं ते मागचं दार होतं. तिने तिथून जुनं सॉफ्टवेअर परत घातलं. डबी जागी झाली, आणि गाण्यांच्या यादीत बाबा जागच्या जागी होते.

या वेळी तिने आधी बाबांना संगणकावर उतरवलं, माझ्याकडच्या संगणकावरही उतरवलं, आणि चर्चच्या पाळकबाईंकडेही एक प्रत नेऊन दिली. मगच नवं सॉफ्टवेअर घातलं.

डबी बोलू लागली. पण तिचा आवाज यंत्राचा होता आणि त्याला फिनिश नावं येत नव्हती. बाबांच्या चालींची नावं तो अशी वाचे की जणू एखादा डॉक्टर आजारांची नावं सांगतोय. आर्वो इतका हसला की त्याला खुर्ची धरावी लागली. हसून झाल्यावर मात्र म्हणाला की मला यातलं काही कळत नाहीये.

तेव्हा इर्माला कळलं की त्या सॉफ्टवेअरमध्ये आपला स्वतःचाही आवाज घालता येतो. एकेक शब्द वेगळा बोलून भरायचा. पुढे, मागे, थांब, आवाज वाढव, बाबांच्या चालींची नावं, आणि असं कितीतरी. तिच्या घरात भिंतीतून वारा वाजतो, म्हणून आम्ही गार पडलेल्या सौनात बसलो, खिडकीला टॉवेल लावले. मी शब्द वाचायची, ती बोलायची. सुरुवातीला ती बातम्या देणारीसारखी बोलू लागली. मी म्हटलं, आर्वोला ही बाई कोण हे कळायचं नाही, रोजच्यासारखी बोल. मग ती रोजच्यासारखी बोलली. बॅटरी संपत आल्याचा शब्द तिने असा म्हटला, जसं ती जेवणाच्या रांगेत पोरांना म्हणायची की ताट परत ठेवा, नुसते बघत उभे राहू नका.

आर्वोने पहिल्यांदा ऐकलं आणि इयरफोन काढून तो माझ्याकडे वळला. "लहानपणापासून ही माझ्या मागे ओरडतेय," तो म्हणाला, "आता थेट कानात शिरली." पण डबी त्याने खिशाला अडकवली, ती त्यानंतर कधी काढली नाही.

खरी गंमत पुढे झाली. यादीत फिरता फिरता त्याला वेग कमी करायची जागा सापडली. टेप हळू फिरवली की आवाज जाड होतो, रेड्यासारखा. इथे तसं होत नव्हतं. सूर तोच राही, फक्त चाल सावकाश चाले. आर्वोने बाबांचा शॉटिश लावला. ती नाचाची चाल बाबांनी स्वतः बांधलेली, आणि आर्वोने ती प्रत्येक शनिवारी हॉलमध्ये वाजवलेली. हळू केल्यावर त्याला बाबांचा श्वास ऐकू आला, अकॉर्डियनचा भाता उघडताना होणारी कुरकुर ऐकू आली. आणि दुसऱ्या भागात, जिथे तो स्वतः डाव्या हाताने एक जाड सूर मारायचा, तिथे बाबा काहीच वाजवत नव्हते. तिथे नुसता एक ठोका होता.

त्याने भिंतीवरच्या जुन्या फोनवरून इर्माला बोलावलं. ती धावतच गेली, तिला वाटलं डबी पुन्हा मेली. त्याने इयरफोनचं एक टोक तिला दिलं. दोघं टेबलापाशी डोकी जवळ करून बसली होती, मी पोचले तेव्हा.

"पाय आहे तो," इर्मा म्हणाली.

"पाय आहे," आर्वो म्हणाला. "लाकडी फरशीवर. सगळा जन्म मी बाबांचा बूट वाजवत आलो."

त्याच्या आवाजात खंत नव्हती. कुणी बर्फातून घरी यावं आणि बूट झटकावेत, तसा त्याचा चेहरा झाला होता. त्या दिवसापासून त्याने ती चाल नव्याने बसवायला घेतली. बोटांना रिकाम्या जागी थांबायला शिकवणं फार कठीण गेलं. सवयीने डावा हात खाली येई आणि तो स्वतःला शिव्या घाले, फिनिशमध्ये, कारण पाळकबाई शेजारी राहतात आणि त्यांना फिनिश येत नाही.

जूनमध्ये युहान्नुसचा सण आला. त्या रात्री आमच्याकडे तळ्याकाठी होळी पेटवतात आणि हॉलमध्ये नाच असतो. आर्वोने बाबांचा शॉटिश धरला. दुसऱ्या भागात तो थांबला आणि त्याने बूट आपटला. नाचणाऱ्यांची पावलं अडखळली. लोकांना वाटलं म्हातारा विसरला. दुसऱ्या फेरीत पुन्हा तिथेच सूर नाही, नुसता बूट. तेव्हा कुणीतरी मागून पाय आपटला. तिसऱ्या फेरीला सगळा हॉल त्या रिकाम्या जागेची वाट बघत होता आणि सगळ्यांनी एकदम पाय आपटला. खिडक्यांची तावदानं हलली. इर्मा माझ्यासमोर लेमोनेडचा पेला धरून उभी होती. तिने पाय आपटला नाही, ती नुसती आर्वोकडे बघत होती.

ही बातमी फिरली. दृष्टी गेलेल्या लोकांची एक मंडळी मार्केट नावाच्या शहरात भरते, तिथे आर्वोने आपली डबी दाखवली. मग त्यांच्याकडूनही डब्या येऊ लागल्या. इर्माने त्यांना विचारलं की कुणाचा आवाज हवा, यंत्राचा की दुसरा एखादा. आर्वोच्या डबीतलाच द्या, असं बहुतेकांनी सांगितलं. त्या डबीतल्या बाईने सांगितलं की माणूस ऐकतो, असं एका म्हातारीचं म्हणणं पडलं.

गेल्या शरदात आम्ही दोघी मार्केट शहरात गेलो होतो. इर्माला हार्डवेअरच्या दुकानातून सौनाच्या दारासाठी बिजागरी हवी होती. तिने दुकानदाराला विचारलं की पितळेची आहे का आणि स्क्रू सोबत मिळतात का. पलीकडच्या रांगेत पांढरी काठी घेतलेला एक उंच माणूस उभा होता. तो एकदम ताठ झाला, मग त्याने खिशात हात घातला आणि चाचपून बघितलं.

"माफ करा," तो म्हणाला, "आत्ता तुम्ही बोललात, की माझी डबी बॅटरी संपली म्हणाली?"

इर्मा त्याच्याकडे वळली. तिने त्याला सांगितलं की मी इथेच आहे, हॅनकॉकहून आलेय, आणि डबी तुम्ही रोज चार्जिंगला लावायला हवी. तो खळखळून हसला. म्हणाला की हो, रोज तुम्ही सांगता तसं लावतोच. मग त्याने हात पुढे केला, जरासा बाजूला, आणि तिने तो शोधून धरला. बिजागरी राहून गेली. आम्ही तिघं समोरच्या दुकानात कॉफी प्यायला गेलो, आणि तो तिला घरातलं काहीबाही सांगत बसला, जसं आपण वर्षानुवर्षं ओळखीच्या माणसाला सांगतो.