ग्लोरिया ऐकत असलेला तारा

ग्लोरिया गेल्याचं तिच्या आईने मला फोनवर सांगितलं, तेही सरळ नाही. "शैला, जेवून झोपली ती, उठवते तर उठत नाय गं," एवढंच. कांदिवलीहून मिळेल ती रिक्षा करून मी अंधेरीच्या गावठाणातल्या त्यांच्या घरी पोचले, तोवर डॉक्टर येऊन गेले होते. आतल्या खोलीत तिचा कॉम्प्युटर चालूच होता. त्यातून बारीक, एकसुरी आवाज येत होता... बायकांच्या रडण्याखाली तो सतत ऐकू येत राहिला. बंद करायचं कुणाला सुचलं नाही, मलाही नाही.

आम्ही दोघी एकाच कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचो. मी तोंडाळ, ती चिवट. मधुमेहाने तिची नजर अधू होत गेली तेव्हा मला वाटलं, संपलं हिचं आकाश. पण बया कसली ऐकते! अवकाशातली दुर्बीण ताऱ्यांच्या प्रकाशाच्या नोंदी करते, त्या कुणालाही मिळतात. हिने कॉम्प्युटरवर त्यांचा सूर करून घेतला. तारा स्थिर असेल तर सूर स्थिर, समोरून काही सरकलं की सूर खाली. मटार सोलता सोलता ती तारे ऐकायची. "फ्रीज बिघडलाय का गं तुमचा?" मी चिडवायचे. "गप्प बस यार, तारा आहे तो."

गेल्या वर्षी एका ताऱ्याचा सूर तिला दबलेला सापडला. समोरून गेलेली वस्तू गुरूएवढी होती. पण ग्रह की तपकिरी बटू, हे आकारावरून कळत नाही. बटूही साधारण तेवढाच असतो, फक्त वजनाला कित्येक पट भारी, आणि तरीही तारा म्हणून पेटण्याइतका नाही. वजन काढायचं तर तो ताऱ्याला किती हलवतो ते मोठ्या दुर्बिणीने मोजावं लागतं. तशा दुर्बिणीवर काम करणाऱ्या परदेशातल्या मंडळींनी कळवलं, एकदाच दबलेला सूर हा यंत्राचा दोषही असेल. पुन्हा दिसू दे, मग मोजू. मागे एकदा तिचा शोध खोटा निघाला होता, त्यामुळे तिने धास्तीच घेतली. "परत खोटं निघालं तर वाट लागेल ना माझी," म्हणायची. ताजी नोंद वाजत राहावी आणि नवी आली की आपोआप ती लागावी, अशी सोय करून ती ऐकत बसली. महिनोन् महिने सूर हलला नाही... आणि ती गेली.

महिन्याच्या मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेनंतर, घरी रोझरी होती, जपमाळेची प्रार्थना. आंटींनी, म्हणजे तिच्या आईने, कॉम्प्युटरला कुणाला हात लावू दिला नव्हता. प्रार्थना चालू असताना सूर हळूहळू खाली गेला, तळाशी थांबला, आणि पुन्हा वर चढला. बायका आतल्या खोलीकडे बघू लागल्या. "आली," आंटी म्हणाल्या.

नोंदी तीन-चार आठवडे उशिरा येतात, नवी आली असणार, हे मला कळत होतं. सगळे पांगल्यावर मी ती तपासली. तारा झाकोळला होता ती वेळ ग्लोरिया गेली त्या दुपारची होती. योगायोग आहे, मी कुठेही छातीठोक सांगेन. पण आंटींना मी ती वेळ अजून सांगितलेली नाही.

मग त्या मंडळींनी वजन मोजलं. तपकिरी बटूच निघाला. तिचं खरं ठरलं आणि ऐकायला ती नाही, याचा मला अजून राग येतो.

गेल्या रविवारी हे सांगायला गेले. "म्हंजे खोटं नव्हतं तिचं," आंटी म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसत राहिल्या. मी तिच्या खोलीच्या दारात उभी होते. तेवढ्यात सूर पुन्हा उतरू लागला. पडदा हलला नाही, गारवा आला नाही, तसलं काही झालं नाही. सूर तळाला गेला आणि वर आला, बस. तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी बाजूला सरून भिंतीला पाठ लावून उभी होते, दारातून एक माणूस जाईल एवढी जागा सोडून.

आंटी माझ्याकडे बघत होत्या.

"तूपण?" त्या म्हणाल्या.