रुपेशचं सोवळं

संध्याकाळचे सात वाजले की कौमुदी घराबाहेर पडायची. जर्मनीतल्या बाड हॉम्बुर्गच्या आमच्या मराठी मंडळाने २००४चा अख्खा उन्हाळा हाच विषय चघळला. दिवसभर दार लावून बसते आणि सातनंतर भटकते. वेगळा राहणारा तिचा नवरा रुपेश मात्र सातच्या ठोक्याला घरात. मंडळाचे अध्यक्ष पद्माकरकाका म्हणायचे, "पोरगा सरळ आहे, घर तिनंच मोडलं." मीही मान डोलवायचे. त्या मानेचा आज मला संताप येतो.

शेवटी मीच तिला गाठलं. "अगं, लोक काय म्हणतील?"

"कुंदाताई, त्याने माझा हात मोडला. तुरुंगाऐवजी कोर्टाने त्याच्या पायात इलेक्ट्रॉनिक पट्टा बांधलाय. संध्याकाळी सात ते सकाळी सहा तो घराबाहेर पडला, तर त्याच्यावर लक्ष ठेवणाऱ्या बेवेरुंग्सहेल्फरला लगेच कळतं. माझ्यापासून शंभर मीटर लांब राहा, असंही जज्जने सांगितलंय. पण दिवसा तो कुठे फिरतो, ते पट्ट्याला कळत नाही. आल्झो, म्हणजे काय, दिवस त्याचा, संध्याकाळ माझी."

मी तडक काकांकडे गेले. त्यांनी मला वाक्यही पुरं करू दिलं नाही. "नवराबायकोची भांडणं मंडळात नकोत," म्हणाले, आणि गणपतीच्या पूजेला रुपेशलाच बसवलं. बायकोवर उगारलेला तोच हात फुलं वाहणार होता.

पूजा शनिवारी दुपारी होती. पायाला लागलंय असं सांगून रुपेश पँट-मोज्यांवरच पाटावर बसला. गेल्या वर्षी सोवळं नेसलं नाही म्हणून मंडळातल्या सिद्धेशला पाटावरून उठवणाऱ्या काकांनी या वेळी चालवून घेतलं. तेवढ्यात कौमुदी आली. भर दिवसा, एकटी.

"काका, यजमानांना सोवळं नाही नेसवलंत?"

सगळे बघायला लागले. काका ओशाळले. "रुपेश, निदान मोजे तरी काढ."

रुपेश हलला नाही.

"काढ ना," कौमुदी म्हणाली. "माझा हात मोडलास म्हणून कोर्टाने बांधलेला पट्टा दिसू दे सगळ्यांना. आणि मग ऊठ. शंभर मीटर."

तो उठला आणि मोज्यांसकट बूट घालून निघून गेला. कुणी कौमुदीला बस म्हटलं नाही. काका म्हणाले, "आता पूजेला कोण बसणार?"

इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. दोन वाजले होते. सात वाजायला अजून पाच तास होते आणि रुपेश बाहेर मोकळा होता. मी हातातलं आरतीचं ताट काकांच्या हातात दिलं आणि कौमुदीला घरी सोडायला निघाले.