दहा नावं

मार्तिनिक बेटाच्या उत्तरेला लेओनीझने आणि तिच्या टोळीतल्या बायकांनी एकवीस वर्षं केळीबागांत पावडर टाकली. डाव्या हातात बादली, उजवा हात उघडा, दर बुंध्याला एक मूठ. "किड्यांचं औषध आहे, माणसाला काही होत नाही," मुकादम सांगायचा. त्याच हातांनी बायका दुपारी खारा मासा खायच्या. पुढे ती पावडर विषारी ठरली. मातीत मुरली, बायकांच्या रक्तात सापडली. मुकादम काही माफी मागायला आला नाही.

म्हणून साथीची नवी लस आली तेव्हा टोळीतल्या उरलेल्या अकरा जणी युदोक्सीच्या ओट्यावर जमल्या. तावातावाने बोलली ती युदोक्सीच.

"पुन्हा आपल्याच अंगावर प्रयोग? लहानपणी टोचायचे तसली जुन्या पद्धतीची लस येऊ दे. तोवर एकीनेही दंड पुढे करायचा नाही."

लेओनीझची धाकटी बहीण एर्मांस चाचरत म्हणाली, "मी घेऊ का गं? मला दमा आहे."

"आम्ही काय पैलवान आहोत? अकरा जणींतून तू एकटी फुटणार?" युदोक्सी हसली. सगळ्या हसल्या. लेओनीझही हसली.

ऑगस्टमध्ये एर्मांस साथीत गेली. कबरीपाशी युदोक्सी लेओनीझच्या गळ्यात पडून रडली. "शब्दाला जागली गं पोर," म्हणाली.

मार्चमध्ये जुन्या पद्धतीची लस बेटावर आली. दवाखान्यातल्या मारिव्होन नर्सने समजावलं, "मावशी, विषाणूच्या अंगावरचा एक तुकडा कारखान्यात बनवून टोचतात. ही पद्धत कित्येक वर्षांची आहे. पण एका कुपीत दहा जणींची लस असते. फोडली की काही तासांत संपवावी लागते. दहा नावं आणा, मी फोडते."

एर्मांसच्या मागे आता आणखी कुणी जाता कामा नये, एवढं एकच लेओनीझच्या डोक्यात होतं. दोन आठवडे ती दारोदार फिरली. "तू घेतेस ना आधी? मग माझंही नाव घाल," बायका म्हणायच्या. दहावं नाव युदोक्सीचं. ते तिने जरा थांबूनच दिलं.

ठरल्या दिवशी नर्सने एकेकीचं हिरवं आरोग्यकार्ड मागितलं. युदोक्सी पिशवी चाचपत म्हणाली, "माझं घरी राहिलं वाटतं."

"चष्म्याच्या डबीत बघ की! तिथेच तर ठेवतेस," म्हणत शेजारच्या सिदोनीने स्वतःच ते काढून दिलं.

नर्सने कॉम्प्युटरकडे पाहिलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "मावशी, तुमच्या दोन झाल्यात की. एक जुलैत, दुसरी अठरा ऑगस्टला."

एकोणीसला एर्मांसला पुरलं होतं.

"पॅरिसला लेकीकडे जायचं होतं," युदोक्सी खाली बघत म्हणाली. "लशीशिवाय विमानात घेत नव्हते. तुम्हाला कुठल्या तोंडाने सांगणार होते?"

लेओनीझने बाही वर केली. "नऊ जणींसाठी फोडशील ना गं?" तिने नर्सला विचारलं. नर्सने मान हलवली.

टोचून झाल्यावर पंधरा मिनिटं बसायचं असतं. युदोक्सी शेजारच्या खुर्चीवर येऊन टेकली. "चल, गाडीने सोडते."

"मुकादमाला आपण सात पिढ्यांच्या शिव्या दिल्या," लेओनीझ हळू आवाजात म्हणाली. "त्याचं पोट होतं त्यावर. तुझं काय होतं? चोरून घेतलीस, घे बापडी. पण तिलाही चोरून सांगायचंस ना. रात्री येऊन कानात सांगितलं असतंस, तरी तिने ऐकलं असतं."

"आणि तू?" युदोक्सी म्हणाली. "तूही हसलीसच की तेव्हा."

लेओनीझ उठली. पंधरा मिनिटं अजून व्हायची होती. बाहेर येऊन ती भिंतीच्या सावलीत उभी राहिली. जरा वेळाने बाकीच्या बाहेर आल्या. घराकडचा चढ मोठा होता. सिदोनी आणि आणखी तिघी तिची नजर चुकवत युदोक्सीच्या गाडीत जाऊन बसल्या.

लेओनीझ चालत निघाली.